असलेलं मागणं

पुसद ते कुडतरी म्हणजे काही परदेश नव्हे,
बाबांनी नकाशावर हात ठेवून दाखवलं होतं: बघ, वीतभर.

त्या वीतभरात
भाजीवालीकडे चुका मागितला
तर ती बघत राहिली, कोणाच्या चुका म्हणून.
वेर्ण्याच्या लॅबमध्ये
गोळी किती मिनिटांत विरघळते ते मोजता मोजता
दिवसभरात बोललेली वाक्यं मोजली:
अकरा.
त्यातली चार कंडक्टरशी.

रात्री आईचा फोन, जेवली का वं?
जेवले म्हणायचं
आणि पंख्याकडे बघत पडायचं.
पंखाही घरमालकिणीचा.

घरमालकीण खाली, एर्मेलिंडा बाय.
पाच तारखेला भाडं, एरवी मान हलवणं.
सतराव्या संध्याकाळी की अठराव्या,
पोदेराच्या सायकलचा भोंगा
पों पों करत वळणापलीकडे गेला
आणि इतकं सुनं झालं
की मी जिना उतरले, म्हटलं,
काडेपेटी आहे का?

उजो जाय? तिने विचारलं.
कळलं नाही. हो म्हटलं.
काडेपेटी आली, मागून चहा आला,
खंयचें गो तूं?
पुसद कसं सांगणार.
बाल्कांवच्या लादीवर सांडलेल्या चहाने
मी पूस नदी काढली.
तिने त्याच ओल्या बोटाने
नदी समुद्रापर्यंत ओढली, समुद्र ओलांडला,
लादी संपली तिथे थांबली:
स्विंडन. म्हजो रॉयस्टन.

रॉयस्टनचा पासपोर्ट पोर्तुगालचा,
नोकरी इंग्लंडची, झोप दुपारची.
एका घरात पाच जण, एक फ्रिज,
दुधाच्या प्रत्येक डब्यावर ज्याचं त्याचं नाव.
रविवारी बाय फोन साखरेच्या बरणीला टेकवून उभा करायची,
त्यात त्याचं कपाळच दिसायचं.
एकदा ते कपाळ म्हणालं,
माय, आठवडा झाला, कोणी नावाने हाक मारली नाही.

बायने फोन माझ्याकडे वळवला.
हें पळय, वायजू.
(वैजयंती तिच्या तोंडात मावत नाही.)
हिनेही इथे कोणाला ओळखत नसताना काडेपेटी मागितली.
तूही जा, माग कोणाकडे काहीतरी.
माझ्याकडे सगळं आहे, माय.
आसा तेंच माग, ती म्हणाली,
आणि माझ्याकडे न बघता:
तुज्या बोल्सांत वाजताली पेटी.

बोल्स म्हणजे काय
ते दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या प्रज्योतने सांगितलं.
खिसा.
वेर्ण्यापासून मडगावपर्यंत
बसमध्ये माझे कान तापलेले.
दीड महिना ती मला चहा देत होती
खिशातल्या काड्या ऐकून.

रॉयस्टनने तळमजल्यावरच्या लिथुआनियन माणसाकडे
पेचकस मागितला.
त्याने दिला आणि दार लावलं.
एवढंच.
बाय दोन दिवस कोणाशी बोलली नाही,
मांजराला मात्र उगाच ओरडली.

मग मागच्या रविवारी कपाळाखाली डोळेही दिसले.
तो वर आला होता, म्हणे, स्वतःचा पेचकस मागायला.
आला तो बसला.
दोघांनी मिळून
मुळीच न डुगडुगणारी एक खुर्ची घट्ट केली,
आणि जाताना पेचकस तिथेच राहिला.
राहूं दी, बाय फोनमध्ये ओरडली,
घाईने परत द्यायला जाऊ नकोस!

तिची काडेपेटी अजून माझ्याकडेच आहे.
इथल्या दमट हवेने गुल मऊ पडलंय,
घासली तर नुसती काळी रेघ उमटते.

काल आईला सांगितलं,
इथे विस्तवाला उजो म्हणतात.
आई जरा थांबली. उजेडातला उजो का वं?
असणारच, मला वाटलं.
तरी म्हटलं, थांब, विचारून सांगते,
आणि चपला न घालता
जिना उतरले.